स्वाक्षरित पत्रसंग्रह, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राष्ट्राध्यक्ष, मुत्सद्दी, सेनापती आदी ऐतिहासिक व्यक्तींची सहीची पत्रे जमविण्याचा छंद व त्यातून वाढलेला व्यवहार. सह्यांची वही बाळगण्याहून हा छंद वेगळा आहे. कारण त्यात सहीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व मजकुराला असते. संपूर्ण मजकूर स्वहस्ते लिहिलेले पत्र सर्वांत मोलाचे. लेखनिकाने लिहिलेले, पण सही स्वतःची असलेले पत्र त्याखालचे. तर पत्रातून कापून काढलेली नुसती सही हा सर्वांत हलका प्रकार होय.

या छंदाच्या आद्य प्रवर्तकांत विल्यम ब्यूएल स्प्रेग (१७९५–१८७६) हा धर्मोपदेशक प्रमुख होता. तरुणपणी तो व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टनच्या भाच्याच्या घरी शिक्षक होता. तेव्हा वॉशिंग्टनच्या कागदपत्रांचा वारस बुशरॉड वॉशिंग्टन याने त्याला त्यांतील पत्रे नेण्याची परवानगी दिली. अट एवढीच, की नेलेल्या पत्राची नक्कल मागे ठेवावी. स्प्रेगने सु. १,५०० पत्रे नेली. पुढे वॉशिंग्टनच्या लेखनाचा संपादक जॅरेड स्पार्क्स (१७८९–१८६६) याने त्याहून मोठी हानी केली. १७८९ मधील पहिल्या अध्यक्षीय भाषणाचा एक वापरात न आलेला मसुदा वॉशिंग्टनच्या हस्ताक्षरात होता. स्पार्क्सने त्याचे तुकडे करून हस्ताक्षराचे नमुने म्हणून वाटून टाकले. तो मसुदा अद्याप पूर्णपणे जुळलेला नाही. संग्राहकांनी पुष्कळ कागद रद्दीतून वाचविले हे खरे; पण एकसंध दप्तरे फोडली तीही बव्हंशी त्यांनीच.

असे कागद खाजगी हाती जाण्याला कायद्याचाही आधार होता. राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे ही दीर्घकाळ त्यांची खाजगी मालमत्ता मानली जात. १९७८ च्या कायद्याने ती राष्ट्राची ठरली. मात्र हा नियम २० जानेवारी १९८१ पासूनच्या कागदपत्रांना लागू झाला. धाडलेले पत्र तर, कागद म्हणून, ज्याला आले त्याच्याच मालकीचे असते.

किंमत केवळ कीर्तीवर ठरत नाही. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांचा संपूर्ण संच जमविणे ही संग्राहकांची जुनी महत्त्वाकांक्षा. त्यात नेहमी अडते ते जॉर्जियाच्या बटन ग्विनेटपाशी. तो १७७७ मध्ये द्वंद्वयुद्धातील जखमेने मरण पावला आणि त्याच्या जेमतेम पन्नासेक सह्या ज्ञात आहेत. त्यामुळे एरवी विस्मृतीत गेलेल्या या गृहस्थाची सही जेफर्सनच्या साध्या पत्राहून महाग पडते. यादवी युद्धातील (१८६१–६५) सेनापतींच्या बाबतीत पत्राची तारीख निर्णायक ठरते. स्टोनवॉल जॅक्सन १८६३ मध्येच मरण पावल्याने त्याची युद्धकालीन पत्रे दुर्मिळ आहेत. उलट रॉबर्ट ई. ली युद्धानंतर एका महाविद्यालयाचा प्रमुख झाला व १८७० पर्यंत पत्रे लिहीत राहिला. मजकुराचे मोल लिंकनच्या एका पत्रावरून कळते. मॅसॅचूसेट्समधील काँकर्डच्या १९५ मुलामुलींनी गुलामांची मुले मुक्त करावीत, असा अर्ज त्याच्याकडे केला होता. त्यास एप्रिल १८६४ मध्ये दिलेले लिंकनचे उत्तर २००८ मध्ये सु. ३४ लाख डॉलरना विकले गेले.

जेथे पैसा तेथे बनावटही आलीच. रॉबर्ट स्प्रिंग (१८१३–७६) याने फिलाडेल्फियात जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर वॉशिंग्टनच्या सहीचे परवाने बनवून विकले. विसाव्या शतकात जोसेफ कोझी याने लिंकनचे हस्ताक्षर इतके आत्मसात केले, की त्याचे बनावट कागदही आता काही जण जमवितात. तथापि लबाडीविना तयार झालेल्या सह्या अधिक घोटाळ्यात पाडतात. १८३३ च्या कायद्यानंतर सरकारी जमिनींच्या सनदांवर राष्ट्राध्यक्षाच्या नावे त्याचा चिटणीस सही करू लागला. तेव्हा त्यानंतरच्या अशा सनदेवरील सही सहसा राष्ट्राध्यक्षाची नसते. जेफर्सन दोन लेखण्या एकदम चालविणारे यंत्र वापरी. त्यामुळे त्याच्या पत्राची प्रतही शाईनेच लिहिलेली असे. केनेडीच्या काळी सही करणारे यंत्र सर्रास चाले. लिंकनने श्रीमती बिक्सबी यांना १८६४ मध्ये पाठविलेल्या सांत्वनपर पत्राची मूळ प्रत उपलब्ध नाही. परंतु १८९१ पासून विकल्या गेलेल्या शिळाछापी प्रतिकृती मूळ पत्र म्हणून आजही पुढे येतात.

परीक्षक प्रथम कागद पाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद चिंध्यांपासून होई. लाकडाच्या लगद्याचा कागद त्यानंतरचा. लोहयुक्त मायफळी शाई कागदाच्या तंतूंत शिरते व काळाने तपकिरी होते. जुन्या घडीवर नव्याने लिहिल्यास शाई घडीत पसरते आणि बनाव उघडा पडतो. सराईत हात वाहत्या वेगाने लिहितो, तर नक्कल करणारा अक्षरे रेखतो. म्हणून त्याच्या रेघांची टोके बोथट होतात. व्यक्तीच्या सवयीही पाहाव्या लागतात : लिंकन पत्रांवर सहसा ‘ए. लिंकन’ अशी, तर सरकारी दस्तऐवजांवर पूर्ण नावाने सही करी.

अनेक मोठे खाजगी संग्रह कालांतराने संस्थांकडे आले. न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालय व फिलाडेल्फियाची पेनसिल्व्हेनिया इतिहास संस्था येथे ते अभ्यासकांना उपलब्ध आहेत. स्प्रेगने विखुरलेल्या वॉशिंग्टनच्या पत्रांचा माग काढणे मात्र त्याच्या लेखनाच्या संपादकांच्या कामाचा भाग बनले आहे.