निरोप घ्यावा तर असा!

बियॉन्से नोल्स, केली रोलंड आणि मिशेल विल्यम्स. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातून जगभर गाजलेला 'डेस्टिनीज चाइल्ड' हा त्यांचा ग्रुप. 'लाइव्ह इन अटलांटा' या डीव्हीडीत त्यांच्या अखेरच्या जगदौऱ्यातली एक अख्खी रात्र आहे. हा दौरा शेवटचा, हे तिघींनाही ठाऊक होतं. म्हणूनच इथे कुणीच हातचं राखून गात नाही!

बातमी फुटली बार्सिलोनात
दौरा सुरू झाला ९ एप्रिल २००५ला, जपानमधल्या हिरोशिमात. ११ जूनला बार्सिलोनाच्या भर स्टेजवरून केलीनं जाहीर करून टाकलं, की या दौऱ्यानंतर ग्रुप थांबणार. त्यानंतर साधारण महिन्याभरानं, १५ जुलैला, अटलांटाच्या फिलिप्स अरीनात कॅमेरे लागले. तिकडे जमलेल्या चाहत्यांना पुढचं सगळं माहीत होतं!

केली आली जन्मगावी
ग्रुप ह्यूस्टनचा असला, तरी केलीचा जन्म अटलांटाचाच. लहानपणीच ती ह्यूस्टनला आली आणि पुढे बियॉन्सेच्या घरीच वाढली.

हरलेल्या पोरी
१९९३मध्ये 'स्टार सर्च' या टीव्ही स्पर्धेत बियॉन्से आणि केली 'गर्ल्स टाइम' या सहा जणींच्या ग्रुपमधून उतरल्या होत्या. तिथे त्या चक्क हरल्या! पुढे नाव बदललं, माणसं बदलली. मिशेल आली ती २००० साली. त्याआधी ती गायिका मोनिकाच्या मागे कोरसमध्ये गायची.

सुरुवातच हुकमी एक्क्यानं
डीव्हीडीतलं पहिलंच गाणं 'से माय नेम'. २००१मध्ये दोन ग्रॅमी मिळवणारं! शब्दांची ती फटाफट फेक आणि त्यात सांभाळलेले सूर, ही या ग्रुपची खासियत. 'बिल्स, बिल्स, बिल्स' आणि 'बूटिलिशियस'सुद्धा पहिल्या टप्प्यातच येतात.

ज्याचा त्याचा बाज
मग प्रत्येकीला एकटीनं स्टेज मिळतं. केली गाते 'डिलेमा'. रॅपर नेलीसोबतचं हे गाणं २००२मध्ये अमेरिकेत दहा आठवडे पहिल्या नंबरवर होतं. मिशेलचा पिंड चर्चमधल्या गॉस्पेल संगीताचा, म्हणून तिचं 'डू यू नो' अगदी वेगळ्या वाटेनं जातं. बियॉन्सेच्या वाट्याला 'बेबी बॉय', 'नॉटी गर्ल' आणि अर्थातच 'क्रेझी इन लव्ह'! तिघी एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, ते इथे कळतं. आणि त्या पुन्हा एकत्र आल्या, की तीन आवाज किती घट्ट जुळतात, तेही.

तीन खुर्च्या, तीन नशीबवान
'केटर टू यू' आलं, की प्रेक्षकांतल्या तीन पुरुषांना स्टेजवर बोलावून खुर्चीत बसवलं जातं आणि त्यांच्याभोवती तिघींचं गाणं-नाचणं रंगतं. हे गाणं रिवाइंड करून या तिघांचे चेहरे जरूर बघा!

कपडे आईच्या हातचे
ग्रुपच्या झगमगत्या पोशाखांमागे होत्या बियॉन्सेच्या आई, टीना नोल्स. त्यांचं ह्यूस्टनमध्ये सलून होतं. तिथे केस करून घ्यायला आलेल्या बायकांसमोर या मुली लहानपणी गाऊन दाखवायच्या. टीनांची आई अ‍ॅग्नेस डेरेऑन शिवणकाम करायची. तिच्याच नावावरून 'हाउस ऑफ डेरेऑन' हा फॅशन ब्रँड निघाला.

एका दिवसात दोन बार
अमेरिकेत डीव्हीडी आली २८ मार्च २००६ला. नेमक्या त्याच दिवशी हॉलिवुडच्या 'वॉक ऑफ फेम'वर ग्रुपच्या नावाचा तारा बसला!

शेवटी सगळ्यात दमदार
वीसेक गाणी गाऊन-नाचून झाल्यावर कुणीही दमेल. या मात्र शेवटाला 'लूज माय ब्रेथ' ठेवतात! मार्चिंग बँडचे ढोल कडाडतात आणि तिघी पुन्हा पहिल्या गाण्याच्या जोशात सुटतात. त्याआधीच्या 'सर्व्हायव्हर' या गाण्यापासून पुढे सलग बघा, आवाज जरा मोठा ठेवा. एकच गाणं बघायला वेळ असेल, तर 'लूज माय ब्रेथ'च लावा. जुलै २०२५मध्ये लास वेगासला बियॉन्सेच्या दौऱ्याच्या शेवटच्या कार्यक्रमात तिघी पुन्हा एकत्र स्टेजवर आल्या, तेव्हा त्यांनी गायलेल्या गाण्यांत हेसुद्धा होतं. वीस वर्षांनीही तेच गाणं, त्याच तिघी!