आधी नकाशा, मग कारागीर

मैत्रिणींनो, सकाळची घाई, ह्यांची बदलापूरची लोकल ठरलेली, आणि नेमकी इस्त्री थंड! आपण काय करतो? तिला दोन थपडा देतो आणि दुकानात धाडतो. त्याआधी माहितीपुस्तिकेत तो रेघारेघांचा नकाशा असेल तर उघडा बरं.

शिरगावहून स्टेशनला निघालेली रिक्षा रस्ता खणलेला असला की अडते. विजेचंही तसंच. नकाशातली रेघ म्हणजे तिची वाट: प्लग, वायर, थर्मोस्टॅट, कॉइल आणि परत. त्यावर बोट ठेवून चाला. बहुतेक ऑटोमॅटिक इस्त्र्यांत छोटा दिवा थर्मोस्टॅटच्या पुढे असतो. दिवा लागतो, पण इस्त्री तापत नाही? म्हणजे वीज तिथवर पोचली. बिघाड बहुधा कॉइलमध्ये. दिवाही नाही? मग आधी दुसरं काही लावून सॉकेट तपासा.

मिक्सरच्या नकाशात मोटरआधी 'ओव्हरलोड' दिसेल. वाटण घट्ट झालं की तो वाट तोडतो. प्लग काढा, मिक्सर निवू द्या, वाटण कमी करा, तळाचं बटण दाबा.

पथ्य एकच: नकाशा वाचायचा, स्क्रू खोलायचे नाहीत. २३० व्होल्टशी खेळ नको! नकाशातली हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार अर्थिंगची, जीव वाचवणारी. म्हणून तीन पिनांचा प्लग दोन पिनांवर भागवू नका. हाताला झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करून कारागिरालाच बोलवा.

आणि त्याला सांगा, "दिवा लागतो, पण तापत नाही." मग 'अख्खी इस्त्रीच गेली, ताई' म्हणायला तो सहसा धजणार नाही!