पडदा आपल्याकडे फिरवा



बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब लेखन ही पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. आज पाचव्या सूत्राबद्दल बोलू. हिशोब वहीत होता तेव्हा वही हातोहात फिरायची. आता बऱ्याच गटांचा हिशोब लॅपटॉपवर आला आहे. एकजण टाइप करते, दोघी शेजारून डोकावतात, बाकीच्या भिंतीला टेकून बसतात आणि शेवटी सही करतात.

आमचा गट अमळनेर आणि धुळे तालुक्यांच्या शिवेवरचा. आमच्यात एकाच नावाच्या दोघी आहेत. एकीचा कर्जाचा हप्ता दुसरीच्या नावावर चढत गेला, तोही चार महिने. चूक लिहिणारीची होती, तेवढीच न बघता सही करणाऱ्या आम्हा सगळ्यांची. हप्ता थकला असं ऐकून जिने पैसे भरले होते ती रडली, आणि कापूस वेचायला रोज सोबत जाणाऱ्या त्या दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

मग आम्ही एकीच्या घरी पडून असलेला जुना मॉनिटर आणला, लॅपटॉपला जोडला आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवला. मागच्या नोंदी एकेक करून वाचल्या. तिसऱ्याच नोंदीला मागून आवाज आला, "माय वं, हाऊ हप्ता मना शे!"

ही युक्ती आमची नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्या आधारच्या नोंदणीसाठी ठरवून दिलेल्या सामानात एक जादा मॉनिटर असतो. तो नोंदणी करायला आलेल्या माणसाकडे तोंड करून ठेवायचा, म्हणजे आपलं नाव, जन्मतारीख, पत्ता काय टाइप होतंय ते त्याला बघता येतं. 'सुमन' की 'सुमनबाई', माहेरचं नाव की सासरचं, एवढ्याशा फरकाने बँकेत काम अडतं हे आपल्याला ठाऊकच आहे.

आता जोडणी कशी करायची ते सांगतो.

आधी लॅपटॉपच्या कडा बघा. चपटं, खालचे दोन कोपरे कापल्यासारखं दिसणारं भोक म्हणजे एचडीएमआय. घरच्या टीव्हीला मागे हेच असतं, त्यामुळे टीव्हीसुद्धा मॉनिटर म्हणून चालतो. निळ्या रंगाचं, तीन ओळींत पंधरा छिद्रं असलेलं ते व्हीजीए. जुन्या मॉनिटरला बहुधा तेच असतं. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. घेताना 'लॅपटॉपचं एचडीएमआय, मॉनिटरचं व्हीजीए' असं स्पष्ट सांगा, कारण उलट दिशेचा कन्व्हर्टर वेगळा असतो. व्हीजीएच्या वायरीतून आवाज जात नाही, फक्त चित्र जातं. मोबाइलच्या चार्जरसारखं टाइप-सी भोक असेल तर जरा थांबा. प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर येतंच असं नाही. आपला लॅपटॉप दुकानात न्या आणि जोडून बघूनच वायर घ्या.

वायर जोडली, मॉनिटर चालू केला आणि 'नो सिग्नल' दिसलं तर घाबरू नका. मॉनिटरच्या किंवा रिमोटच्या 'सोर्स' बटणाने योग्य एचडीएमआय किंवा व्हीजीए निवडा. मग लॅपटॉपवर विंडोजची खूण असलेलं बटण दाबून धरा आणि पी दाबा. चार पर्याय येतात. त्यातले दोन आपल्या कामाचे.

'डुप्लिकेट' म्हणजे आरसा. लॅपटॉपवर जे दिसतं तेच समोर दिसतं. बैठकीत नोंदी वाचून दाखवायला हाच निवडा. 'एक्स्टेंड' म्हणजे ओटा वाढवणं. दोन्ही पडद्यांवर वेगवेगळं काम मांडता येतं: एकीकडे बँकेचा उतारा, दुसरीकडे गटाचा हिशोब. दोन्ही समोर असले की ताळा पटकन जुळतो. एक्स्टेंडमध्ये माउस एका पडद्याच्या कडेवरून दुसऱ्यावर जातो. तो उलट्या बाजूला जात असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जा. तिथे 1 आणि 2 असे चौकोन दिसतात. मॉनिटर टेबलावर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला चौकोन ओढून ठेवा. अक्षरं बारीक वाटली तर तिथेच 'स्केल' 125 किंवा 150 करा.

ग्रामसंघात काम जास्त असेल तर लॅपटॉपशिवाय आणखी दोन पडदेही जोडता येतात. इथे पैसे वाया जायची भीती आहे. 'स्प्लिटर' नावाची स्वस्त वस्तू एकच चित्र दोन ठिकाणी दाखवते, दोन वेगळे पडदे करत नाही. वेगळे हवे असतील तर दोन स्वतंत्र वाटा लागतात: एक एचडीएमआयची आणि दुसरी चित्र देणाऱ्या टाइप-सीची, किंवा डॉक नावाची पेटी. शिवाय लॅपटॉप एकूण किती पडदे चालवू शकतो याला मर्यादा असते. मॉडेल नंबर सांगून ती आधी विचारा.

वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण मॉनिटर बंद पडतो. काम जात नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर पुढे करा. 22 इंची एलईडी मॉनिटर साधारण 20 ते 25 वॅट घेतो, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरलाही तो जड नाही. उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालून हवा खेळू द्या.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आरशात सगळंच दिसतं. पासवर्ड टाकताना, कुणाचं आधार किंवा खाते क्रमांक उघडताना आधी विंडोज आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा. आपला हिशोब सगळ्यांचा, पण प्रत्येकीचा खाते क्रमांक तिचा तिचाच.

आमच्या त्या दोघींच्या नोंदी आता दुरुस्त झाल्या. एकीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि दुसरीच्या नावापुढे घराची आळी लिहितो. दर बैठकीत नोंद मोठ्या पडद्यावर वाचली जाते, जिची असेल ती 'बरोबर' म्हणते, आणि मगच ती जतन होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या आमच्या आजीबाईसुद्धा आकडे ओळखतात. त्यांच्या हप्त्याचा आकडा त्या बोट दाखवून तपासतात.

येत्या बैठकीला कुणाच्या घरचा टीव्ही जोडता येईल ते बघा. सेवा केंद्रात अर्ज भरायला गेलात तर तिथल्या दादांना किंवा ताईंना न लाजता म्हणा, "जरा पडदा आमच्याकडे फिरवा, मग सबमिट करा."