वनस्पती तेल इंधन
वनस्पती तेल इंधन (डीझेल एंजिनासाठी) : भुईमूग, सूर्यफूल, मोहरी, नारळ, करंज, मोगली एरंड इत्यादींपासून काढलेले तेल डीझेल एंजिनात इंधन म्हणून वापरता येते. कोणताही फेरफार न केलेल्या एंजिनात असे तेल घातले, तरी ते बहुधा चालते, जवळजवळ तेवढीच शक्ती देते आणि प्रारंभीच्या काळात कोणताही दोष दाखवीत नाही. या इंधनाचा मुख्य धोका नेमका येथेच आहे. एंजिनाची हानी नजरेआड होत राहते आणि ती लक्षात येते तेव्हा दुरुस्तीचा खर्च वाचविलेल्या डीझेलच्या किंमतीपेक्षा अधिक झालेला असू शकतो.

पॅरिस येथे १९०० साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डीझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. वसाहतींत स्थानिक इंधन उपलब्ध व्हावे, हा फ्रेंच शासनाचा त्यामागील उद्देश होता. रूडोल्फ डीझेल यांनी स्वतः या प्रयोगाचा पुढे उल्लेख केला आहे. वनस्पती तेलाचे पुरस्कर्ते हा दाखला नेहमी देतात. परंतु प्रदर्शनातील अल्पकालीन चालण्यावरून एंजिनाच्या टिकाऊपणाविषयी काहीही सिद्ध होत नाही. शिवाय त्या काळची मंदगती, अवजड एंजिने व आजची शीघ्रगती एंजिने यांत फार मोठे अंतर आहे.

दोषांचे मूळ तेलाच्या श्यानतेत (दाटपणात) आहे. ४०° से. तापमानास डीझेल तेलाची श्यानता २ ते ४·५ चौ. मिमी./सेकंद असते, बहुतेक वनस्पती तेलांची ३० ते ४०, म्हणजे सुमारे दहापट असते. एरंडेलाची तर याहूनही कितीतरी अधिक असते. अंतःक्षेपकाच्या (इंधन सिलिंडरात फवारणाऱ्या साधनाच्या) सूक्ष्म छिद्रांतून दाट तेलाचे बारीक तुषार होत नाहीत; मोठे थेंब बनतात आणि फवारा लांबवर जातो. वनस्पती तेल डीझेलप्रमाणे सहज बाष्परूप होत नाही. तीव्र उष्णतेने त्याचे विघटन होते. परिणामी ज्वलन अपुरे राहते व अंतःक्षेपकाच्या टोकावर कार्बनाचा कठीण थर साचतो. या थरामुळे फवारा अधिकच बिघडतो, त्यामुळे आणखी थर साचतो, असे हे दुष्टचक्र आहे. दट्ट्यावरील कड्या खाचांत चिकटून बसतात. एंजिन अल्प भारावर पुष्कळ वेळ चालविल्यास ज्वलनकोठी पुरेशी तापत नाही व हे सर्व दोष लवकर उद्‌भवतात. एकदोन दिवे लावण्यासाठी मोठे जनित्र रात्रभर चालवणे याच कारणाने विशेष अहितकारक ठरते.

याहून गंभीर बाब वंगण तेलाची होय. न जळलेले इंधन सिलिंडराच्या भिंतीवरून ओघळून एंजिनाच्या तळाशी असलेल्या वंगण तेलात मिसळते. खनिज डीझेलाचा काही भाग तेथील उष्णतेने उडून जातो, वनस्पती तेल मात्र साचत राहते. असंतृप्त वसाम्ले असलेल्या तेलाचे उष्णता, हवा आणि तांब्यासारख्या धातूंचा संपर्क यांमुळे ऑक्सिडीभवन व बहुवारिकीकरण (रेणू एकमेकांस जोडले जाऊन मोठे रेणू बनण्याची क्रिया) होते. जवसाचे तेल रंग व व्हार्निश यांत वापरतात ते हवेत वाळून त्याचा कठीण पापुद्रा बनतो म्हणून. एंजिनात हाच गुण घातक ठरतो. वंगण तेलातील प्रतिऑक्सिडीकारके संपेपर्यंत फारसा बदल दिसत नाही. त्यानंतर मात्र तेल अल्पावधीत घट्ट होऊन गोळा बनू शकते. मग धारव्यांना (बेअरिंगांना) वंगण पोहोचत नाही व भुजादंड (क्रँकशाफ्ट) जखडून बसतो. तेल मोजण्याच्या पट्टीवर पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसणे ही याची पूर्वसूचना होय. पातळी कमी झाली नाही म्हणून समाधान मानणारा चालक ती हमखास दुर्लक्षितो.

दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या सुमारास ट्रॅक्टर सूर्यफुलाच्या तेलावर चालवून पाहण्यात आले. प्रारंभीची कामगिरी समाधानकारक होती. पुढे अंतःक्षेपकांवर कार्बन साचू लागला. अशाच अनुभवांतून दीर्घ मुदतीच्या चाचणीची आवश्यकता पटली. काही तासांची शक्तिमापन चाचणी या इंधनाविषयी दिशाभूल करते, हे यातील सर्वांत महत्त्वाचे फलित होय.

तेलातेलांत फरक आहे. खोबरेल तेल बरेचसे संतृप्त असल्याने सहसा घट्ट होत नाही, परंतु सुमारे २४° से. खाली ते गोठून नळ्या तुंबवते. बूगनव्हिल बेटावर १९९० च्या दशकातील नाकेबंदीत रहिवाशांनी खोबरेल तेलावर वाहने चालविली, त्यास तेथील उष्ण हवामान अनुकूल होते. करडई व सूर्यफूल यांची तेले अधिक असंतृप्त असल्याने जास्त जोखमीची असतात. घाणीवरच्या ताज्या तेलातील डिंकासारखे फॉस्फरसयुक्त घटक व गाळ यांमुळे इंधन गाळणी तुंबते. पाणी व मुक्त वसाम्ले यांमुळे पंपाचे भाग गंजतात.

तेल ७०–८०° से. पर्यंत तापविल्यास श्यानता पुष्कळ उतरते. त्यासाठी दोन टाक्यांची योजना करतात : एंजिन डीझेलवर सुरू करावयाचे, तापल्यावर तेलावर न्यावयाचे आणि बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा डीझेलवर चालवावयाचे. शेवटची पायरी टाळल्यास थंड झालेले तेल अंतःक्षेपकात राहते. पूर्वज्वलनकोठी असलेली जुनी एंजिने अशी व्यवस्था बऱ्यापैकी सहन करतात; थेट अंतःक्षेपणाची, विशेषतः अत्युच्च दाबाच्या सामाईक नलिकेची (कॉमन रेल) आधुनिक एंजिने सहन करीत नाहीत. तापविल्याने बहुवारिकीकरणाचा धोका टळत नाही, म्हणून वंगण तेल नेहमीपेक्षा बरेच लवकर बदलणे अपरिहार्य असते. जर्मनीत कच्च्या रेपबियांच्या तेलासाठी स्वतंत्र मानक ठरविण्यात आले, ते तेलाचा दर्जा अनियमित राहिल्यास एंजिनाची खात्री देता येत नाही म्हणूनच.

मूलगामी उपाय म्हणजे तेलाचे एस्टरात रूपांतर करणे. बेल्जियममध्ये १९३७ साली या पद्धतीचे एकस्व (पेटंट) देण्यात आले. मिथेनॉल व क्षारीय उत्प्रेरक यांच्या साहाय्याने ग्लिसरॉल वेगळे काढल्यावर मिळणाऱ्या जैव डीझेलाची श्यानता ४ ते ५ पर्यंत उतरते. मात्र घरगुती पद्धतीने बनविलेल्या जैव डीझेलात साबण, ग्लिसरॉल व मिथेनॉल उरले, तर तेही अपायकारक असते. मिथेनॉल विषारी व अत्यंत ज्वालाग्राही असून त्याची वाफही श्वासावाटे अपाय करते. जैव डीझेलामुळे जुन्या एंजिनांतील नैसर्गिक रबराच्या नळ्या व चकत्या मऊ पडून फुगतात. टाकीत साचलेला जुना मळ सुटून गाळणीत येतो, म्हणून बदल केल्यावर पहिली गाळणी लवकर बदलावी लागते. भारतात वापरलेले खाद्यतेल गोळा करून त्यापासून जैव डीझेल बनविण्याच्या योजनेस २०१८ पासून चालना मिळाली. तळणातून उरलेल्या अशा तेलात पाणी, अन्नकण व मुक्त वसाम्ले यांचे प्रमाण अधिक असते. ते केवळ फडक्याने गाळून थेट पंपाच्या एंजिनात ओतल्यास वर वर्णिलेले दोष अधिक लवकर ओढवतात.