जीभ काय सांगते आणि काय सांगत नाहीं



वैद्याकडे गेलें कीं त्यानें नाडी पाहावयाची व मग "जीभ दाखवा" म्हणावयाचें, ही आपल्याकडील फार जुनी चाल. योगरत्नाकरांतील अष्टविध परीक्षेंत नाडी, मूत्र, मल यांच्या पंक्तीला जिव्हेचीहि गणना आहे. पण हल्लीं पुष्कळदां वैद्यानें पाहण्यापूर्वीं मनुष्य स्वतःच आरशासमोर उभा राहून जीभ बाहेर काढतो, एखादा पांढरा डाग किंवा लाल चट्टा दिसतांच मनांत चरकतो, आणि "हा कसला संसर्ग तर नव्हे?" या शंकेनें त्याची झोंप उडते. ही भीति कितपत साधार आहे, आणि भ्यावयाचें तर नेमकें कशास भ्यावें, याचा आज आपण विचार करूं.

निरोगी जीभ गुळगुळीत नसते, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. तिचा पृष्ठभाग असंख्य सूक्ष्म अंकुरांनीं भरलेला असतो. या अंकुरांचा झिजलेला थर, अन्नाचे कण आणि तोंडांतील नेहमींचे जंतु मिळून जो पातळ पांढरा लेप बनतो, तो रोग नव्हे. जिभेच्या मुळाशीं तर आठ ते बारा मोठे वाटोळे अंकुर एका रांगेंत मांडलेले असतात. ते जन्मापासून तेथेंच आहेत. परंतु ज्यानें आयुष्यांत प्रथमच इतक्या आंत डोकावून पाहिलें, त्याला त्या गांठीच वाटतात.

दुसरा प्रकार नकाशासारख्या जिभेचा. हिच्यांत जागोजाग अंकुर गळून लाल चट्टे पडतात, त्यांच्याभोंवतीं पांढरट कड उमटते, आणि आज येथें दिसलेला चट्टा चार दिवसांनीं दुसरीकडे दिसतो. शेंकडा एक ते तीन माणसांत ही अवस्था आढळते. चट्टे सरकतात म्हणून लोक घाबरतात. वस्तुतः हें सरकणेंच त्यांच्या निरुपद्रवीपणाची खूण होय. तिखट खाल्लें असतां थोडें झोंबेल इतकेंच. एकाचें दुसऱ्यास तें लागत नाहीं. त्याचप्रमाणें धूम्रपानानें, अति चहानें किंवा कांहीं औषधांनीं अंकुर लांब वाढून जीभ काळी व केसाळ दिसूं लागते. दिसावयास ती भयंकर, पण कारण दूर करून जीभ नियमानें घासली म्हणजे बहुधा पूर्ववत् होते.

मग खरा संसर्ग होतच नाहीं काय? होतो. त्यांत नेहमीं आढळणारा बुरशीचा. दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर जिभेवर व गालांच्या आंतल्या बाजूस बसतात, आणि पुसले असतां खालीं लालभडक त्वचा दिसते. ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडांतहि असते. शरीराचा पहारा ढिला पडला म्हणजे मात्र ती फोफावते. तान्हीं मुलें, कवळी वापरणारे वृद्ध, मधुमेही, नुकतींच जंतुनाशक औषधें घेतलेले, दम्यासाठीं स्टेरॉइडची फवारणी ओढणारे, यांना ती विशेष गांठते. औषध सोपें आहे. परंतु प्रौढ माणसास ती निष्कारण झाली, तर तिचें मूळ शोधणें हें औषधाहून महत्त्वाचें.

आणखी एक भीति लोक सहसा बोलून दाखवीत नाहींत. एखाद्या प्रसंगानंतर मनांत एड्सची किंवा उपदंशाची शंका शिरते, आणि मनुष्य जिभेच्या प्रत्येक ठिपक्यांत तिचा पुरावा शोधूं लागतो. जिभेच्या कडेवरचे, पुसून न निघणारे पांढरे पट्टे हें एड्सच्या विषाणूशीं निगडित असलेलें लक्षण १९८४ सालीं वर्णिलें गेलें, हें खरें. पण तें प्रतिकारशक्ति बरीच खालावल्यावर दिसतें, लागण झाल्यावर लगेच नव्हे. या शंकेचें उत्तर रक्ताच्या तपासणींत आहे, आरशांत नाहीं. सरकारी केंद्रांतून ही तपासणी विनामूल्य व गुप्तता राखून होते. संकोचानें महिनोन् महिने जळत राहण्यापेक्षां ती करून घेणें शहाणपणाचें.

कधीं जीभ लाल, गुळगुळीत व हुळहुळी होते, तेव्हां दोष बहुधा पोषणाचा असतो. डॉ. ल्यूसी विल्स या १९२८ सालीं मुंबईस आल्या व गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो असें त्यांनीं दाखविलें; त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें. या द्रव्याच्या, लोहाच्या किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनें जीभ अशी होते. बी-१२ भाजीपाल्यांतून मिळत नाहीं. म्हणून शाकाहारी घरांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें.

आतां खऱ्या धोक्याविषयीं. मनुष्य झोंबणाऱ्या चट्ट्यास भितो आणि न दुखणाऱ्या व्रणाकडे दुर्लक्ष करतो. तेथेंच घात होतो. कर्करोग बहुधा जिभेच्या कडेस सुरू होतो, आणि आरंभीं तो पुष्कळदां मुळींच दुखत नाहीं. तंबाखू, मिश्री, गुटखा आणि मद्य हीं त्याचीं प्रमुख कारणें. तंबाखूवांचून नुसती सुपारीहि कर्करोगकारक आहे, असा निर्णय २००४ सालीं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं दिला. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, तेव्हांपासून मुखाच्या कर्करोगाचे असंख्य रोगी तेथें येत आले आहेत. रोग लवकर सांपडला तर बरा होण्याची आशा मोठी असते. उशीर झाला कीं जिभेचा बराच भाग काढावा लागण्याची पाळी येते.

म्हणून नियम एकच ठेवावा. व्रण, गांठ, पांढरा किंवा लाल डाग दिसला, तर त्या दिवसाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेंत टिपून ठेवावी व पुन्हां पुन्हां आरसा पाहूं नये. दांताची टोंचणारी कड असेल तर ती घासून घ्यावी. तीन आठवड्यांत तो गेला नाहीं, एकाच जागीं टिकून राहिला, कठीण लागूं लागला किंवा त्यांतून रक्त आलें, तर दुखत असो वा नसो, डॉक्टरांना अथवा दंतवैद्यांना दाखवावा. गिळतांना त्रास होऊं लागला किंवा मानेंत गांठ लागली, तर तीन आठवडेहि थांबूं नये.