लाल त्रिकोणातील कोडी

दादरमध्ये 2020 साली महापालिकेने पादचाऱ्यांच्या काही सिग्नलांवर पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती झळकविली. त्याचे कौतुक झाले, ते योग्यच. रस्त्यावरील चित्रे ब्रह्मलिखित नव्हेत, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले. मग वाहनचालकांना धोक्याची सूचना देणाऱ्या लाल त्रिकोणांची फेरतपासणी का होऊ नये?

ताशी 50 किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे 14 मीटर पुढे जाते. परळच्या रस्त्यावर ‘पुढे शाळा आहे’ हे उमगण्यास दोन सेकंद लागले, तर तेवढ्यात वाहन 28 मीटर पुढे गेलेले असते आणि रस्ता ओलांडणारे मूल समोर असते. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत मात्र हेच चिन्ह स्वस्थ बसून, दिलेल्या पर्यायांतून ओळखावयाचे! पर्याय हेरणे आणि अर्थ कळणे यांतील अंतर शिक्षकांना सांगावयास नको. अरुंद पूल आणि अरुंद होणारा रस्ता यांच्या आकृत्या तर इतक्या सारख्या, की भर पावसात जाणताही चालक गोंधळावा.

सारा दोष चालकाच्या माथी मारून भागणार नाही. नवी आकृती खांबावर चढविण्यापूर्वी ती लालबाग-गिरगावातील टॅक्सीचालकांना, बेस्टच्या चालकांना क्षणभर दाखवावी आणि अर्थ विचारावा. पर्याय देऊ नयेत. बहुतेकांना ती कळली नाही, तर चित्रकाराकडे परत धाडावी.