फळीवरील लोहमार्ग

नेरळहून माथेरानला जाणारा लोहमार्ग १९०७ साली सुरू झाला. सुमारे २० किलोमीटर लांबीचा हा मार्ग वळणे घेत घेत डोंगर चढतो. त्याची प्रतिकृती घरी उभारावी, असे एखाद्या हौशी मुलाच्या मनात आले, तर त्याने प्रथम गणित मांडावे. अशा प्रतिकृतींचे एक प्रचलित प्रमाण १:८७ हे आहे. या प्रमाणाने २० किलोमीटरांचे सुमारे २३० मीटर होतात! घरात जागा मिळते ती पलंगाएवढ्या फळीपुरती. म्हणून सारा मार्ग घेण्याचा मोह सोडावा लागतो. एक स्थानक, एक बोगदा आणि एक मोठे वळण एवढेच नीट निवडले, तरी घाटाची आठवण जागी होते.

निवड झाली, की रुळांची आखणी कागदावर करावी. या प्रमाणात वळणाची त्रिज्या निदान ४५ सेंटिमीटर असावी. त्याहून आखूड वळणावर लांब डबे घसरतात. म्हणजे वळणाला ९० सेंटिमीटर आणि कडेची जागा धरून फळीला सुमारे १२० सेंटिमीटर रुंदी हवी. एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचा असेल, तर सुमारे ८ सेंटिमीटर उंची गाठावी लागते. शंभरास चार असा चढ ठेवला, तरी त्यात २०० सेंटिमीटर मार्ग खर्ची पडतो. चढ याहून उभा केला, तर इंजिनाची चाके जागीच फिरू लागतात.

मग येतो डोंगर. जाळीवर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून तो उभारतात. रंगवलेला भुसा गवताचे काम करतो आणि वाळक्या काटक्यांची झाडे होतात. हा डोंगर केवळ शोभेसाठी नसतो. गाडी बोगद्यात दिसेनाशी होते व क्षणभराने दुसरीकडे प्रकटते. तेवढ्यात ती फार दूर जाऊन आली, असे पाहणाऱ्यास वाटते. मात्र बोगद्यात डबा घसरलाच, तर हात पोचावा म्हणून डोंगराच्या पाठीमागे वाट मोकळी ठेवावी.

खऱ्या घाटात डोंगर आधी असतो, रूळ मागाहून येतात. फळीवर रूळ आधी आणि डोंगर मागाहून. तरीही पाहणाऱ्यास वाटले पाहिजे, की डोंगर येथे पूर्वापार उभा होता आणि रुळांनीच त्याला मान देऊन वळण घेतले. असे वाटले, की आराखडा साधला.